दोन डॉक्टर आणि एक खुर्ची

डिंकाचं भांडं भिंतीवर आपटलं आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकांची पाकिटं चिकट होऊन गेली. भांडं फेकणारा सलीम खाली बसून स्वतःच्याच मांडीवर गुद्दे मारत होता.

वारज्यातल्या आमच्या कार्यशाळेत बौद्धिक दिव्यांगता असलेली मोठी माणसं काम करतात. म्हणजे ज्यांना शिकायला, बोलायला, व्यवहार समजायला जास्त वेळ लागतो. मी तिथली सोशल वर्कर. सलीम तिशी ओलांडलेला. मोजकं बोलतो, पण पाकिटावर डिंकाची रेघ ओढावी त्यानेच. या कामावर त्याचा जीव आहे.

मॅनेजरबाईंनी मला बोलावलं. "पुन्हा असं झालं तर त्याला घरी बसवावं लागेल. बाकीचे घाबरतात."

"त्याला काहीतरी होतंय, मॅडम."

"मग डॉक्टर नाहीत का त्याला?"

"दोन आहेत."

"मग तर झालंच."

झालं नव्हतं. दोन्ही डॉक्टर सदाशिव पेठेतल्या एकाच क्लिनिकमध्ये, एकाच केबिनमध्ये, एकाच खुर्चीत बसायचे. सकाळी मनोविकारतज्ज्ञ डॉ. लिमये, संध्याकाळी फिजिशियन डॉ. शिर्के. दुपारी क्लिनिक बंद, पुणं आहे. दोघांची गाठ कधी पडलीच नव्हती. ओळख फक्त खुर्चीवरून. लिमयेबाई ती उंच करायच्या, शिर्के येऊन खाली करायचे, आणि दोघंही "त्या दुसऱ्या डॉक्टरांना सांगा" म्हणून रिसेप्शनिस्टला झापायचे.

थोडक्यात, सलीमचं मन सकाळचं आणि पोट संध्याकाळचं. ही वाटणी कुणी केली? माणूस काय शेत आहे, मधे बांध घालायला?

मी दोघांना फोन लावले.

"मला संध्याकाळी जमत नाही," लिमयेबाई म्हणाल्या.

"मला सकाळी हॉस्पिटल असतं," शिर्के म्हणाले.

"मग दुपारी या."

हे मी दोघांनाही सांगितलं. पुणेकराकडे दुपार मागणं म्हणजे किडनी मागणं. मी मागितली, तीही आवाज चढवून.

"आपण फार तापट आहात हो," शिर्के म्हणाले. पण आले. बाईही आल्या.

खुर्ची एकच. "बसा ना", "छे छे, आपण बसा" करत दोघंही उभेच राहिले. सलीम तपासणीच्या टेबलावर, शेजारी त्याची अम्मी.

"चिडचिड वाढली म्हणून मी गोळी वाढवली," लिमयेबाई म्हणाल्या. "फरक नाही, म्हणून आणखी वाढवली."

"मी बद्धकोष्ठाचं औषध देतोय. तेही लागू पडत नाही," शिर्के म्हणाले. मग थबकले. "कुठली गोळी?"

बाईंनी नाव सांगितलं.

"अहो, तिनेच पोट अडतं!"

"ते मला माहीत आहे. पोट अडलंय हे मला कुणी सांगितलं नाही."

अम्मी ओशाळल्या. "बाई, तुम्ही डोक्याच्या डॉक्टर. तुमच्यासमोर संडासचं कसं काढायचं? बरं दिसतं का?"

"आणि मला गोळीचं का नाही सांगितलं?" शिर्क्यांनी विचारलं.

"ती गोळी ऐकली की लोक पोराला वेडा म्हणतात. आणि तुम्ही विचारलं कुठे?"

तिघं सलीमच्या डोक्यावरून बोलत होते. माझा संयम संपला.

"पोट त्याचं आहे ना? मग त्याला विचारा!"

"तो काय सांगणार?" शिर्के म्हणाले.

"सलीम, कुठे दुखतं?" मीच विचारलं.

सलीमने थोडा विचार केला. मग शिर्क्यांचा हात धरला आणि स्वतःच्या पोटावर ठेवला. त्यांनी जरा दाबलं. सलीमचा गुद्दा मांडीवर पडला.

"बापरे," शिर्के म्हणाले. "दगड झालाय."

दुखलं की सलीम चिडायचा, चिडला की गोळी वाढायची, वाढली की पोट आणखी अडायचं. दोघांनी मिळून आधी पोट मोकळं केलं, मग गोळी हळूहळू उतरवली. गुद्दे थांबले. सलीम पाकिटांवर परतला. मॅनेजरबाईंनी त्याला भिंतीपासून लांब बसवलं, एवढाच काय तो अविश्वास.

आता महिन्यातून एक दुपार दोघंही डॉक्टर एकत्र बसतात. क्लिनिकने दुसरी खुर्ची घेतली. पहिल्याच दुपारी सलीम आत आला, त्याने दोन्ही खुर्च्या पाहिल्या आणि नव्या खुर्चीत ऐसपैस बसला.

शिर्के उभेच. लिमयेबाईंनी रिसेप्शनिस्टला हाक मारली. "अहो, तिसरी मागवा."

याला आमच्या क्षेत्रात इंटिग्रेटेड केअर, म्हणजे एकत्रित उपचार, म्हणतात. त्यावर मोठमोठ्या परिषदा भरतात. आम्हाला दोन जादा खुर्च्या आणि एक दुपार पुरली.