दाराशी ठेवलेल्या लाह्या

पुण्याहून निघाले तेव्हा दारातच आईने माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या, तीन वर्षांच्या सईच्या गालाला तीट लावली आणि माझ्या हातावर दही ठेवलं. जपानातल्या त्सुनामीला वर्षही झालं नव्हतं. "जग तिथून पळतंय आणि तुम्ही पोरीला घेऊन तिकडेच निघालात," ती म्हणाली. मी बायोकेमिस्ट्रीची पोस्टडॉक, पण ती तीट मी विमानतळावरही पुसली नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मी विज्ञानाचं नाव घेतलं तर तुम्ही खुशाल हसा.

टोक्योतल्या ओजिमात आमच्या शेजारी मार्सिया राहायची. ब्राझीलच्या बाहिया प्रांतातली. नवरा जपानी वंशाचा. ती काळी होती. रंग सांगावा लागतोय, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच गेलं. कुठला कचरा कुठल्या दिवशी टाकायचा, हे मला तिने हातवारे करून शिकवलं. भूकंपाचा धक्का बसला की दारावर पहिली थाप तिची पडायची आणि सई तिच्या टेबलाखाली जायची. शुक्रवारी ती नखशिखांत पांढरे कपडे घालायची. बाल्कनीत देवांसाठी फुलं आणि पाण्याचं भांडं असे. तिच्या पूर्वजांना गुलाम करून आफ्रिकेतून नेलं, तेव्हा सोबत नेता आले ते फक्त देव, असं ती सांगायची. मी मान डोलवायचे. नीट विचारलं कधीच नाही.

सई सहा वर्षांची असताना तिला कांजिण्या आल्या. आई फोनवर म्हणाली, "देवी आल्यात. फोडणी घालू नकोस, दहीभाताचा नैवेद्य दाखव." मी दाखवला. त्या दुपारी आमच्या मराठी ग्रुपमधल्या थोरल्या सुमेधाताई सईला बघायला आल्या होत्या. निघताना त्यांनी दार उघडलं, तर उंबऱ्याशी पांढऱ्या कापडावर ताटभर मक्याच्या लाह्या. त्या किंचाळल्याच. "ओलांडू नकोस! उतारा आहे. हे लोक व्हूडू करतात गं, बाहुल्यांना टाचण्या टोचतात. पोरीला कशाने झालंय, कळलं ना आता?"

मी हातमोजे घातले आणि लाह्या जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत ओतल्या. मार्सिया तिच्या दारात उभी राहून बघत होती.

एवढ्यावर थांबले असते तरी माफी मागता आली असती. पण रविवारी ग्रुपने वसाहतीच्या ऑफिसात तक्रार करायचं ठरवलं. जपानी लिहिता येणारी मी एकटीच. 'मुलांना धोका होईल असे विधी' असं मी लिहिलं, सगळी आदरार्थी रूपं सांभाळून, आणि खाली सही केली.

ऑफिसने तिला सभ्यपणे बोलावलं. तिने बाल्कनी रिकामी केली आणि महिन्याभरात ती दोघं दूर हामामात्सू शहरात निघून गेली. जाताना ती सईची छत्री परत द्यायला आली आणि मोडक्या जपानीत म्हणाली, "ओमोलू रोगाचा देव. लाह्या त्याच्या. मुलीवरून उतरवल्या की तो आपला रोग परत नेतो. तू तिच्यापाशी असशील, म्हणून बेल वाजवली नाही."

मरीआई आपली, शीतला आपली, अंगात येतं तेही आपल्याच माणसांच्या. नव्या गाडीला लिंबू-मिरची, ती परंपरा. तिच्या लाह्या मात्र करणी! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. व्हूडू हैतीतल्या लोकांचा धर्म आहे, आणि तोही सिनेमात दाखवतात तसा नाही. मार्सियाचा तर तो नव्हेच. तिच्या धर्माचं नाव कान्दोम्ब्ले. एवढं वाचायला मला दहा मिनिटं लागली, आणि तीही ती गेल्यावर. चाबकाखाली ज्यांनी देव जपले, त्यांना आपण भुताखेतांत ढकलतो, आणि कुणी आपल्याला गारुड्यांच्या देशातले म्हटलं की आपल्या अंगाचा तिळपापड होतो.

सुमेधाताई, हे वाचून तुम्ही चिडाल. चिडा. तुम्ही नुसत्या बोललात, लिहिलं मी. म्हणून तुमच्यापेक्षा माझाच मला जास्त संताप येतो.

मी हामामात्सूला दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही, आणि ते का यावं? आई अजून विचारते, "घरी कधी येणार?" पुण्याला जाते, राहते, परत येते. पण या परक्या देशात मला घर मिळालं होतं, आईला ते कसं सांगू? ते भिंतीपलीकडे होतं, आणि मी ते बिनचूक जपानीत अर्ज करून रिकामं करून घेतलं.