माझ्या मापाचा गणवेश

आमच्या वेळी विद्यापीठात मुलामुलींचं मिळून एक सेवा मंडळ होतं. दर रविवारी ही मंडळी बेळगोळकडच्या कामगार वस्तीत जाऊन पोरांची नखं कापायची आणि आठवडाभर त्याबद्दल इंग्रजीत बोलायची. मला त्यात शिरायचं होतं. सेवेची ओढ वगैरे काही नव्हती. मुलगे आणि मुली एकाच सतरंजीवर बसतात आणि कुणी कुणाला 'कुणाची गं तू' असं विचारत नाही, एवढ्यावरच मी भाळले होते. बाजारामागच्या आमच्या गल्लीत मी जन्मापासून शिंप्याची मुलगी होते.

रीत अशी होती की नव्या उमेदवाराने एक सत्रभर जमेल ती सेवा करायची. मग जुने सदस्य आपसात ठरवायचे आणि सरस्वतीपुरमला अध्यक्षाच्या गच्चीवर, सगळ्यांदेखत, निवडलेल्यांच्या गळ्यात पिवळा रुमाल बांधायचे. अध्यक्ष एम.ए.चा मुलगा होता, बोलायला साखर. "तुमचं टेलरिंगचं दुकान आहे ना? मग तुझी सेवा ठरलीच," तो म्हणाला. मुलग्यांना पांढरे शर्ट, मुलींना पांढरे सलवार-कमीज. कापड मंडळाचं, शिलाई आमची फुकट.

अप्पांना मी भीतभीतच विचारलं. ते उलट खूश झाले.

"तुला घेतात म्हणतात तर शिवू की गे. सुम्ने, उगीच काळजी नको करू."

दसऱ्याची गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून त्यांनी ते ढीगभर कपडे शिवले. काजं मी केली. माझा जोड त्यांनी सगळ्यात शेवटी घेतला, आणि खांद्यात, कमरेत जादा कापड आत दुमडून ठेवलं. "अजून भरशील. कॉलेज संपेपर्यंत चालायला हवा," म्हणाले.

मंडळात मला नावाने कधी कुणी हाक मारली नाही. 'ए टेलर' म्हणायचे. मापं घेताना मुलगे हात पसरून उभे राहायचे आणि माझ्या डोक्यावरून एकमेकांना डोळे मारायचे. एकाने तर सगळे इडली खात असताना तुटलेलं बटण माझ्या ताटलीत टाकलं. मी हसले आणि बटण लावून दिलं. रुमाल मिळाला की हे थांबेल, अशी माझी भाबडी समजूत होती.

गच्चीवर आम्ही गणवेश घालून रांगेत उभे राहिलो. माझ्या डावीकडच्या मुलीला रुमाल बांधला, मग उजवीकडच्या मुलाला. मी मान वाकवून उभी होते, ती तशीच राहिली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. "तू तर घरचीच. तुला रुमाल कशाला?" अध्यक्ष म्हणाला. शेवटचा रुमाल एका प्राध्यापकांच्या मुलीला मिळाला. ती आठवड्यापूर्वी आली होती आणि तिने एक नखही कापलं नव्हतं. तिला गणवेश नव्हता. अध्यक्षाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "हा आता तुला लागणार नाही. धुऊन उद्या आणून दे."

मी धुतला, इस्त्री केली आणि नेऊन दिला. घरी सांगितलं की समारंभ पुढे गेला.

दोन-चार दिवसांनी तीच मुलगी दुकानात आली. गळ्यात पिवळा रुमाल, हातात माझा गणवेश. कमरेत आवळतो, खांद्यात ताणतो, जरा सैल करून द्या, असं तिने अप्पांना कन्नडात सांगितलं. मी काउंटरमागेच उभी होते. तिने मला ओळखलं नाही. कदाचित ओळखलंही असेल.

अप्पांनी कमीज उलटा केला. आत दुमडलेल्या कापडावरून बोट फिरवलं आणि एकदाच माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते तो तिच्या अंगावर फेकतील. निदान नाही म्हणतील.

"संध्याकाळी या, अम्मा," ते तिला म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी विचारलं, "घेतलं नाही का गे तुला?"

"नाही."

त्यांनी ब्लेड माझ्यापुढे सरकवलं. "उसव. सांजेला पायजे तिला."

त्या दिवशी अध्यक्षापेक्षा अप्पांचाच मला जास्त राग आला, आणि तो आजही पुरता गेलेला नाही. मी एकेक टाका उसवत बसले. मी भरेन म्हणून ठेवलेलं कापड तिला अगदी बरोबर पुरलं.