तिसऱ्या हाकेची ओ

जांभूळ गावच्या कौसाबाईला हाक मारायची तर छातीत दम पाहिजे. एकदा मारा, दोनदा मारा, बाई ढिम्म. तिसऱ्यांदा मारली की मग वस्सकन अंगावर, "ओ! काय बोंबलतोस?" उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये ती भाजीची पाटी घेऊन बसायची, तिथल्या सिंधी गिऱ्हाइकांना वाटायचं म्हातारी बहिरी आहे. "मावशी, सुनती नहीं क्या?" बहिरी कसली! पाठमोरी असली तरी पाटीतली वालाची एक शेंग कुणी उचलली तर तिला कळायचं.

ही खोड तिला डोंगरानं लावली. लहानपणी आईनं बजावलं होतं, रानात कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. रानात जे काय असतं ते दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक माणसाची. आईनं कौसाबाईला शिकवलं आणि कौसाबाईनं धाकट्या भावाला, बाळाजीला. शिकवलं म्हणजे कसं? करवंदीच्या जाळीमागून तिनं मुद्दाम हाक मारली, बाळाजीनं पहिल्याच हाकेला ओ दिली, आणि हिनं जाऊन फाडकन कानाखाली वाजवली. पोरगं गाल धरून रडलं. पण पुन्हा म्हणून चुकलं नाही.

हाच बाळाजी पुढं अंबरनाथला कारखान्यात लागला, सुपरवायझर होऊन रिटायर झाला. पूर्वेला स्टेशनजवळ फ्लॅट, गॅलरीत झोपाळा, सगळं कसं झकास. पण पौष लागला की स्वारी जांभूळला बहिणीच्या दारात हजर. भात घरात आलं की डोंगरावरच्या वाघोबाला नारळ द्यायचा, हा आईच्या वेळचा नेम. आई गेली, तिच्यामागं दोघं चालवत होती. खरं सांगायचं तर वाघोबा हे निमित्त. वर्षातून एकदा तेवढं चालताना बाळाजी साहेब राहायचा नाही, बाळ्या व्हायचा, आणि कौसाबाईला तेच हवं असायचं.

यंदा दोघं निघाली तेव्हा नदीवरून धुकं चढलेलं. त्यात कारखान्यांकडचा उग्र वास कालवलेला. डोंगराच्या पायथ्याला म्हशी घेऊन नाथा भेटला.

"कौसाबाय, वरच्या वाटेनं जाऊ नका," तो म्हणाला. "पलीकडनं दगडाची खाण लय आत आलीय. तारेचं कुंपण होतं, तेपण कुणी भंगारात घातलं."

"अरे नाथा, त्या वाटेनं मी डोळे मिटून जाईन," बाळाजी म्हणाला.

"मिटूनच जावं लागंल, भाऊ. असलं धुकं हाय."

कौसाबाईनं बाळाजीची बाही धरली. ती म्हणाली, "बाळ्या, खालून जाऊ रे. वाघोबा काय पळून जातोय?"

"बाय, गुडघे दुखतात म्हणून सांग ना सरळ! नाथाला कशाला मध्ये घेतेस?"

झालं. गुडघ्यांचं नाव काढलं की बाईचं डोकं फिरायचं. पदर खोचला आणि निघाली पुढं. तेवढ्या ठसक्यापायी निघाली, दुसरं काही नाही.

वाट ओळखीची होती आणि नव्हतीही. कारवीच्या पानांवर दगडाची भुकटी बसून ती पांढरी पडलेली. पाखरू म्हणून बोलत नव्हतं. एरवी या दिवसांत इथं नुसता कलकलाट असायचा. जरा चढल्यावर कौसाबाईला धाप लागली, मग बाळाजी पुढं झाला. धुक्यात त्याची लाल कानटोपी तेवढी दिसत होती.

"बाय, अजून पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही ना?" त्यानं मागं वळून विचारलं. गालावर हात ठेवला होता बेट्यानं.

"नाहीच द्यायची!" ती म्हणाली. दोघं हसली. मग टोपीही दिसेनाशी झाली.

पुढं ऐनाचं झाड लागलं. आई इथं बसवून पाणी पाजायची. झाड वाकडं झालेलं आणि बुंध्यापाशी जमीन उकललेली. मूठ जाईल एवढी भेग. कौसाबाई भेगेकडं बघत उभी राहिली, आणि तिला आवाज आला. डंपर मागं घेताना वाजतो तो, टीं टीं टीं. समोरून नाही. पायाखालून.

"बाळाजी!"

"थांब" म्हणायला हवं होतं. एवढंच तर म्हणायचं होतं! पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडात आधी नाव येतं. आणि बाळ्या नाही, बाळाजी, पुरं नाव, रानातल्यानं घ्यावं तसं.

पुढून काही नाही. बुटांचा आवाज चालूच.

"बाळाजी!"

नाही. तिसऱ्यांदा ओरडायला तोंड उघडलं तर दगडाची भुकटी घशात गेली आणि ठसका लागला. खोकला थांबेना. तेवढ्यात पाटीतून बटाटे ओतल्यासारखा आवाज झाला. फार मोठाही नाही.

ती रांगत कडेपर्यंत गेली. पुढं डोंगरच नव्हता. वाट नव्हती, वाघोबा नव्हता, सगळं पांढरं. त्या पांढऱ्यात तिनं तिसरी हाक मारली.

"ओ," खालून आली. अगदी शहाण्या मुलासारखी. "बाय... तिसरीची वाट बघत होतो गं."

मग ती हाका मारतच राहिली, त्यानं डोळे मिटू नयेत म्हणून. बाळ्या. ओ. बाळ्या. ओ. आता तो पहिल्याच हाकेला ओ देत होता. ती ओ बारीक होत गेली. एका हाकेला आली नाही. तिनं दुसरी मारली, तिसरी मारली, मग किती मारल्या देव जाणे. तिचा आवाज ऐकून नाथा धावला, खाणीची माणसं दोर घेऊन आली. बाळाजीला वर काढलं तेव्हा तो गेलेला होता. कौसाबाईचा घसा बसला होता तरी ओठ हलत होते.

महिन्याभरानं ती पुन्हा कॅम्प पाचमध्ये बसायला लागली. आता कुणी "मा—" म्हणायच्या आत बाई "ओ" म्हणते. हाक दुसऱ्याच मावशीला असली तरी हीच उठते. जुनी गिऱ्हाइकं पहिल्यांदा हसली. नंतर हसायची थांबली.

परवा घरी नातीला हाक मारली. ऋतिका मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली, लगेच ओ दिली नाही. कौसाबाई एवढ्या जोरात ओरडली की पोर दचकून उभीच राहिली.

"पहिल्या हाकेला ओ द्यायची!"

"अगं आजी, तूच तर सांगायचीस ना, डोंगरात तिसऱ्या हाकेला..."

"डोंगरातसुद्धा!" कौसाबाई म्हणाली. तिनं नातीचे गाल दोन्ही हातांत धरले होते. "भूत असलं तर असू दे. नेलं तर नेऊ दे. पण तू ओ दे गं, बाय."