नेटवरचा बैल आणि नानांचं उपरणं

आमच्या बॅचमधले दोघं जरी भेटले तरी घरच्यांना कळतं, आता जेवण गार होणार. एकाने एक किस्सा काढला की दुसऱ्याला दोन आठवतात, आणि सगळे त्याच एका वर्षाचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावच्या एका कॉलेजात ई-कॉमर्सचा पदव्युत्तर डिप्लोमा नुकताच सुरू झाला होता. आम्ही पहिली बॅच, म्हणजे प्रयोगाचे उंदीर. शिकवायला महाजन सर. माणूस हुशार, जीव ओतून शिकवायचे, पण नेटवरून त्यांनी स्वतः साधा रुमालसुद्धा कधी विकत घेतला नव्हता.

मी धुळ्याचा. सुट्टीत घरी गेलो की शेजारच्या अक्का मला धरून बसायच्या.

"काय शिकस रे तू?"

"अक्का, नेटवर धंदा कसा करायचा ते."

"दुकान कोठे शे?"

"दुकान नसतं."

"मंग माल?"

"मालही आपल्याकडे नसतो."

अक्का आत वळून माझ्या आईला म्हणाल्या, "पोऱ्याले जळगावनं पानी लागनं वाटस." त्यानंतर त्यांनी मला विचारलंच नाही. भेटलो की नुसतं डोक्यावरून हात फिरवायच्या.

* * *

कॉलेजात फोनची लाइन एकच. तीच प्राचार्यांच्या टेबलावर आणि तीच आमच्या लॅबमध्ये. तिकडे कोणी रिसीव्हर उचलला की इकडे नेट गेलंच म्हणून समजा.

प्राचार्यांना भूक लागली की ते घरी फोन करायचे, डबा पाठवा म्हणून. सरांनी भारी डोकं लावलं. त्यांनी प्रॅक्टिकलचं टाइमटेबलच प्राचार्यांच्या भुकेप्रमाणे बसवलं. चतुर्थीला आमचं डबल प्रॅक्टिकल असायचं, कारण त्या दिवशी साहेबांचा उपवास. सर वर्गात येऊन गंभीरपणे सांगायचे, "उद्या सर्वर उत्तम चालेल, साहेबांना चतुर्थी आहे." एकदा साहेबांनी अधिक महिना धरला, तेव्हा आमचा निम्मा अभ्यासक्रम उरकला.

* * *

आता रत्नाचं सांगतो. रत्ना सोनवणे, चोपड्याकडची. वडील शेती करायचे आणि बैलबाजारात दलाली. त्यांना सगळे नाना म्हणायचे, मग आम्हीही नाना म्हणू लागलो. कॉलेजात लॅब इन्स्ट्रक्टरची एक जागा निघणार होती, आणि ती आमच्या बॅचमधल्या फर्स्ट क्लासवाल्यालाच मिळणार होती. साठ टक्के पाहिजेत. रत्नाला ती जागा हवी होती, मनापासून हवी होती. कॉम्प्युटरसमोर बसली की तिचा चेहरा वेगळाच व्हायचा. जागा नाही मिळाली तर चोपड्याला परत जायचं, आणि तिथे तेव्हा कॉम्प्युटर कुठला?

सगळं प्रोजेक्टवर अडलं होतं. सरांची अट होती की वेबसाइटवरून एक तरी खरा माल विकला गेला पाहिजे. आम्ही बाकीच्यांनी पुस्तकं, साड्या असलं सोपं काहीतरी निवडलं. रत्नाने बैल निवडले.

सगळ्यात आधी घरूनच अडचण आली. साइटवर किमतीचा कॉलम बघून नाना भडकले.

"भाव बठ्ठास्ले दाखाडशी का तू? आजपावत मन्हा सौदाना भाव मन्ही घरवालीले बी माहीत नही, आनि तू जगले सांगशी?"

त्यांचंही खरंच होतं. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि खाली बोटं दाबून भाव ठरवायचा. जेवढी बोटं दाबली तेवढा आकडा. बघणाऱ्याला फक्त माना हलताना दिसतात. शेवटी कॉलम राहिला, पण रिकामा. सरांनी कपाळाला हात लावला.

* * *

गिऱ्हाईक बैलाचे दात बघितल्याशिवाय पुढे बोलत नाही, कारण वय त्यावरून कळतं. तेव्हा हिऱ्याचे, म्हणजे नानांच्या बैलाचे, दात साइटवर हवेत. फोटो काढायला मी गेलो. नानांनी त्याचा जबडा उघडून धरला, मी वाकलो, आणि हिऱ्याने माझा चष्मा चाटून स्वच्छ केला. रोल संपेपर्यंत एक फोटो बरा आला.

जळगावच्या स्टुडिओवाल्याने तो धुतला, निरखून बघितला आणि अदबीने विचारलं, "दात पिवळे आलेत, टचिंग करून देऊ का?"

* * *

तेव्हा नेटवर फोटो वरून खाली उतरायचा, तोही सावकाश. आधी शिंगं यायची, मग कपाळ, मग डोळे, आणि दातांपर्यंत पोचायच्या आत लाइन जायची. शिंगं बघून बैल कोण घेणार? दिवस जात होते, रत्ना रडकुंडीला आली होती.

एके दिवशी ती लॅबमध्ये आली आणि तिने फोटो उलटा करून साइटवर टाकला. आता आधी दात यायचे.

पुढच्याच आठवड्यात शिरपूरकडच्या एका शेतकऱ्याचा ई-मेल आला. त्याच्या भाच्याने धुळ्याच्या सायबर कॅफेतून पाठवला होता. "बैल चार दाती आहे, पसंत आहे. बाजाराच्या दिवशी येतो. तोवर त्याला खाली उतरवा."

रत्ना खुर्चीवरून उठून लॅबभर नाचली. महाजन सरही नाचले असते, पण प्राचार्य दारात उभे होते. बाजाराच्या दिवशी सौदा झाला, अर्थातच उपरण्याखाली.

* * *

तोंडी परीक्षेला पुण्याहून परीक्षक आले. सफारी घातलेले, कडक. रत्नाची पाळी आली. ते म्हणाले, "किमतीचा कॉलम रिकामा. पैसे नेटवरून आलेच नाहीत. याला ई-कॉमर्स म्हणायचं?"

रत्नाने उपरण्याची पद्धत समजावून सांगितली. म्हणाली, "सर, गुप्तता पाळूनच आमच्याकडे व्यवहार होतो. साइटने गिऱ्हाईक आणलं, भाव त्यांचा त्यांनी ठरवला."

परीक्षक म्हणाले, "करून दाखवा."

नाना बाहेर व्हरांड्यातच बसले होते. ते आत आले, परीक्षकांच्या हातावर उपरणं टाकलं आणि बोटं दाबून आकडे शिकवले. परीक्षकांना मजा वाटू लागली. पहिल्यांदाच हसले.

निघताना नानांनी हात जोडून विचारलं, "साहेब, पोरीचं काय?"

"गुण सांगता येत नाहीत. नियम आहे."

"सांगू नका साहेब," नाना म्हणाले, आणि त्यांनी उपरणं पुन्हा पसरलं.

परीक्षकांनी इकडेतिकडे बघितलं. मग हात खाली घातला.

लॅबमधले सगळे माना उंचावून बघू लागले. उपरणं जरासं हललं. नानांनी मान हलवली, नाही. परीक्षकांच्या कपाळाला आठी पडली. उपरणं पुन्हा हललं. नानांनी पुन्हा मान हलवली, नाही. महाजन सर उठून उभे राहिले आणि परत बसले. तिसऱ्यांदा उपरणं हललं तेव्हा परीक्षक मोठ्याने हसले आणि नानांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

निकाल लागला. रत्नाला फर्स्ट क्लास, आणि ती जागाही. नाना पेढे घेऊन आले. आम्ही सगळ्यांनी त्यांना घेरलं.

"नाना, खरं सांगा. साहेबांनी पहिल्यांदा किती दिले होते?"

नानांनी माझ्या हातात पेढा ठेवला. म्हणाले, "बैल गया ना घर? मंग खा."