टांगलेल्यांचा नोफ्री

नोफ्रीने आयुष्यभर लोकांच्या घरात जाईल असंच रंगवलं. लग्नाच्या पेट्या, बाळंतिणीला भेट द्यायची तबकं, पलंगाशेजारी लावायच्या मरियामाता. फ्लॉरेन्समध्ये त्यावर पोट भरायचं, पण चित्रकाराचं नाव व्हायचं ते चर्चच्या भिंतीवर, आणि भिंत त्याला चाळिशी उलटली तरी मिळाली नव्हती. आता कुठे पाद्री लाप्पोंनी शब्द दिला होता. संत पेत्राच्या नव्या चॅपलची भिंत नोफ्रीची.

त्याच आठवड्यात नगरसभेचं बोलावणं आलं. एक सरदार शत्रूला वेस उघडून देऊन पळाला होता. माणूस हाती लागला नाही तर चौकातल्या भिंतीवर तो टांगलेला रंगवायचा, एका पायाने, डोकं खाली, ही शहराची रीत. नाही म्हणायची सोय नव्हती. पण असं चित्र काढणाऱ्याला ते कायमचं चिकटायचं. त्याच्या हातची मरिया मग कोणी घरात घेत नसे, चॅपल तर लांबच. म्हणून काम चटयांच्या आड चाले आणि चित्रकार कोण, हे नगरसभा सांगत नसे.

"उरका पटकन आणि तोंड बंद ठेवा," बायको पिएरा म्हणाली. "उभा माणूस काढायचा अन् कागद उलटा धरायचा. सगळे तेच करतात."

नोफ्रीनेही तेच केलं. पण उलटा कागद त्याला खटकला. सरदाराचे केस खांद्यावर नीट बसलेले, झगा घोट्यापर्यंत पोचलेला. जणू त्याच्यापुरती जमीन वर होती.

"खरंच टांगलं तर गाल कुठे जातात गं?"

"मला काय ठाऊक? मी कुठे लोंबकळायला गेले होते?"

तो जेवणाच्या टेबलावर उताणा झोपला आणि डोकं कडेवरून खाली सोडलं. "बघ आणि सांग."

पिएराने कोबी चिरायचा थांबवला. "कपाळाची शीर फुगलीय. गाल डोळ्यांवर आलेत. हसताय का?"

"नाही."

"मग हसताय की रडताय, काही कळत नाही बघा."

त्याने नेमकं तेच रंगवलं. केस जमिनीकडे ओढलेले, झगा छातीवर गोळा झालेला, एक हात झोपलेल्या मुलासारखा सैल.

चटया निघाल्या तेव्हा लोक मुठीत चिखल घेऊन तयार होते. कोणी फेकला नाही. एक खाटीक मान वाकडी करून बघत राहिला, मग शेजारचेही माना वाकड्या करू लागले. नोफ्री आणि पिएरा मागेच उभे होते.

"हे तानोचं काम," खाटीक म्हणाला. तानो म्हणजे त्यांच्याच गल्लीतला दुसरा चित्रकार. "एवढा हात आहे कोणाचा?"

"नोफ्रीचा नसेल?" शेजारच्याने विचारलं.

"त्याचा? त्याच्या मरिया लाकडाच्या. बाळ धड मांडीवर बसत नाही."

पिएराने नवऱ्याची बाही धरली. गप्प राहिला तर भिंत त्याची होती. तो तिच्यामागून कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत आला.

"केस मी रंगवलेत," तो खाटकाला म्हणाला. "गालसुद्धा."

"झालं," पिएरा म्हणाली.

चॅपलची भिंत तानोला मिळाली. बाळंतिणीची तबकं यायची बंद झाली. कोणी नवा सरदार पळाला की नगरसभेचा माणूस थेट टांगलेल्यांच्या नोफ्रीचं घर विचारत येई. आता त्याच्यासाठी चटयाही लावत नसत.

हिवाळ्यात एका दुपारी तानो दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात.

"भिंत होत आली, उस्ताद. शेवटचा भाग राहिलाय. संत पेत्राला क्रूसावर उलटं खिळतात, तो."

"मग?"

"कागद फिरवून पाहिला. बरा दिसत नाही."

"बरी आठवण झाली आमची," पिएरा म्हणाली. "भिंत घेताना विचारायला नाही आलास ते."

तानोने मान खाली घातली. त्याला छातीपर्यंत दाढी होती. नोफ्री त्या दाढीकडे बघत राहिला. इतके लोक टांगले, पण पळालेले सगळे सरदार तुळतुळीत दाढी केलेले.

त्याने पिएराचा कोबी टेबलावरून बाजूला सारला.

"झोप इथे," तो म्हणाला. "डोकं खाली सोड. बघू दाढी कुठे जाते."