देगूत वळून बघणारे आप्पा

आप्पांना मशीन दिसायचं कमी आणि ऐकू यायचं जास्त. सुरतेत कापडाच्या कारखान्याला सगळे खातंच म्हणतात. कडोदऱ्याच्या आमच्या खात्यात शंभरेक माग एकदम धडधडायचे, शेजारच्याच्या कानात ओरडल्याशिवाय बोलणं कळायचं नाही. अशा गदारोळात आमचे हे फोरमन दारात थबकायचे, मान तिरकी करायचे आणि बोट दाखवायचे, "ती, तिसऱ्या ओळीतली. घसा बसलाय तिचा." तासाभरात ती बंद पडायचीच. शेठ म्हणायचे, "आप्पाना कान सोनाना छे." आम्हीही तेच म्हणायचो.

"आधी ऐकायचं, मग पाना लावायचा," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. कोणी घाईने मशीन उघडलं की भडकायचे. मी ऑफिसात खरेदी बघायचो, नाशिककडचा, इंग्रजी जाणणारा, म्हणून मला ते चेष्टेने 'सायेब' म्हणायचे. माझ्या कागदांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. चाळीस वर्षं सुरतेत काढूनही त्यांची भाषा खान्देशची, आणि जीव फार कळवळला की सरळ अहिराणी. पण तशी वेळ फारशी यायची नाही.

शेठनी नवे माग बघायला आम्हा दोघांना कोरियात देगूला पाठवायचं ठरवलं, तेव्हा मला वाटलं, झालं, म्हातारा नाही म्हणणार. मुंबईच्या प्रदर्शनाला सुद्धा कधी आले नव्हते. पण आप्पा म्हणाले, "येतो." सगळे चाट पडले! विमानात त्यांनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. निळ्या पाटीच्या दुकानासमोर उभा असलेला त्यांचा मुलगा, नितीन.

"मन्हा आंडोर तठेच शे," म्हणाले. माझा मुलगा तिथंच आहे.

तीन वर्षांपूर्वी तो भाषा शिकायला म्हणून गेला, शिक्षण सोडलं, व्हिसा संपला, कुठल्यातरी गिरणीत लागला. दर रविवारी फोन यायचा. पाच महिन्यांपासून तो बंद होता. पोलिसात जायची सोय नव्हती, ते त्यालाच धरतील. "मशीन तुम्ही बघा सायेब. मी पोराला बघतो," ते म्हणाले. कप्पाळ! पाच दिवस, एवढं मोठं शहर आणि एक फोटो.

ऑगस्ट होता. सुरतेचा माणूस उन्हाला भितो होय, असं मी निघताना ऐटीत म्हणालो होतो. देगूने पहिल्याच दुपारी ती ऐट जिरवली. डोंगरांच्या कढईत बसलेलं शहर, वारा नाही, शर्ट पाठीला चिकटलेला. चौकाचौकात सिग्नलपाशी मोठ्या छत्र्या रोवलेल्या, लोक हातात छोटे पंखे धरून त्यांच्याखाली उभे. झाडांवर कुठलेसे किडे भरदुपारी इतके किरकिरत होते की आप्पा कानांवर हात ठेवून म्हणाले, "यात काय ऐकू येणार हो?"

आणि तेवढ्यात आलं ऐकू. "आप्पा!"

कोणीतरी खणखणीत हाक मारली. आप्पांनी हातातली पिशवी टाकली आणि लाल सिग्नलला सरळ रस्त्यात धावले. एका गाडीने करकचून ब्रेक मारला. मी त्यांची कॉलर धरून मागे ओढलं आणि चारचौघांत ओरडलो, "जीव द्यायचाय का?" पलीकडे एक लहान पोरगी बापाच्या गळ्यात पडत होती. आमच्याबरोबरच्या दुभाषी बाईंनी समजावलं, कोरियन पोरं बापाला आप्पाच म्हणतात. आप्पांनी ते नीट ऐकलं, दोनदा विचारून घेतलं, मान हलवली.

तरी ते वळायचेच. उपाहारगृहात, जिन्यावर, बसच्या रांगेत, अख्खं शहर बापाला हाका मारत होतं! प्रत्येक हाकेला म्हाताऱ्याची मान गर्रकन फिरायची. "माहीत आहे हो," ते ओशाळून म्हणायचे. "पण नितीनपण असंच हाकारतो." हजार आवाजांतून एक बिघाड हुडकणारा हा माणूस! माझ्याच्याने बघवेना. चौथ्या दिवशी मी मशीनच्या माहितीपत्रकांची चळत हॉटेलात टाकली आणि दुभाषी बाईंशिवायच त्यांच्याबरोबर निघालो.

दुभाषी बाईंनी फोटोतली पाटी वाचून भाग सांगितला होता. जुन्या विणकाम-शेडची वस्ती, शहराच्या टोकाला. दुपारी एक वाजता आम्ही ते दुकान शोधून काढलं. समोर एक म्हातारी ओट्यावर बसून लसूण सोलत होती. तिने फोटो बघितला आणि एकदम दचकून उठली, दार लावायला निघाली. आम्हाला ती सरकारी माणसं समजली असावी. मी मोबाईलवर भाषांतर लावायला लागलो, बोटं घामाने निसटत होती. आप्पांना धीर धरवेना. त्यांनी आमच्या इथं नवा माणूस आला की सांगायचे तसं, छातीवर हात ठेवून आपलं नाव सांगितलं, "आप्पा. मी आप्पा."

म्हातारी थांबली. फोटोकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. "आप्पा?" तिने विचारलं, आणि लसणाच्या हातांनी त्यांचे दोन्ही हात धरून रडायला लागली.

मग मोबाईलच्या भाषांतरातून तिने सगळं सांगितलं. वरच्या खोलीत राहायचा. गुणी पोरगा. वसंतात परदेशी कामगारांची तपासणी सुरू झाली, दोन पोरांबरोबर निघून गेला. कुठे, ते तिला माहीत नव्हतं. जाताना फोनही फेकून दिला होता. आप्पा पायरीवर बसले. मला वाटलं रडतील, रडले नाहीत. म्हणाले, "सायेब, घरी सांगायचं, भेटला."

"आणि काय सांगायचं?"

"भेटला. बस."

परत आल्यावर आप्पांच्या उधन्याच्या घरी त्यांच्या बायकोला, वहिनींना, आम्ही तसंच सांगितलं. मी गेलो की त्या पाणी देतादेता विचारायच्या, "कसा दिसत होता हो?" मी सांगायचो, मस्त आहे, अंग धरलंय चांगलं. त्या ऐकून घ्यायच्या. आप्पा तेवढ्यात काहीतरी आणायच्या निमित्ताने उठून जायचे. खात्यातही त्यांचं बोट दाखवणं बंद झालं होतं.

पुढच्या वर्षी ते गेले, झोपेतच. सकाळी मी पोचलो तेव्हा अंगणात भाऊबंद जमले होते आणि एकच घोळ चालला होता, मुलाला कळवा, मुलाला कळवा. कोणीतरी म्हणालं, हे साहेब भेटून आलेत त्याला, यांच्याकडे नंबर असेल. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खिशातून फोन काढला, खोटंच काहीतरी शोधल्यासारखं करायला लागलो.

"त्यांना नका विचारू," आतून वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "हे सांगायचे, पोरगा वाळलाय. साहेब सांगायचे, अंग धरलंय. पोराला भेटलेच नाहीत दोघंही."

मग त्यांनी पदर सावरला आणि दिराला म्हणाल्या, "पुतण्याला आंघोळ करायला सांगा. अग्नी तो देईल."