पाटावरचा फोकस

दाजींनी मस्कतहून कॅमेरा पाठवला, त्यासोबत चिठ्ठी होती : ‘सुट्टी मिळत नाही. लग्न दिसलं नाही तरी चालेल, पोरीचं तोंड दिसलं पाहिजे.’ मुलीचं लग्न त्यांनी फोनवर ठरवलं होतं. ती ‘हो’ म्हणाली होती. पण आमच्याकडच्या मुली बापाला फोनवर दुसरं काही म्हणत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं.

कॅमेरा जुना, छोट्या कॅसेटचा, कुणीतरी वापरून सोडलेला. मी मुलीचा मामा, शिवाय शाळेत भूगोल शिकवणारा, म्हणजे घरातला एकमेव शास्त्रज्ञ. तो माझ्याच गळ्यात पडला.

साखरपुड्याला पहिला प्रयोग केला आणि संध्याकाळी सगळ्यांनी टीव्हीसमोर बसून पाहिला. तालुक्याहून आलेल्या पुढाऱ्याचा जरीचा फेटा इतका ठसठशीत आला होता की धागे मोजावेत. तांब्यांवर कोरलेली नावं वाचता येत होती. भाची मात्र वाफेतून पाहिल्यासारखी. कॅमेरा आमच्या लोकांसारखाच निघाला. जे चकाकतं तिकडंच बघायचा.

“काय रे, माझी लेक कामून भुतावानी दिसायली?” अक्कानं विचारलं.

“फोकस आटोमॅटिक हाय, अक्का. आपोआप होतंय.”

“मग तुझी तिथं काय गरज?”

मी कॅमेरा घेऊन कमलनगरच्या फोटो स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाला त्याच मुहूर्तावरच्या एका मोठ्या लग्नात गुंतला होता, म्हणून आम्हाला मिळाला नव्हता. पण शिकवायला तयार झाला. कॅमेऱ्याला डोळा लावला आणि हसला.

“सर, चष्मा काढून बघता का घालून?”

“काढून.”

“मग डोळ्यापाशी हे बारकं चाक हाय, ते तुमच्या नंबराला फिरवा. आधी आतली अक्षरं साफ दिसू द्या, तवर चित्राला नावं ठेवू नका. अन् आटो बंद करा. झूम पुरा आत घालून नथीवर जावा, रिंग फिरवून ती साफ करा, मग झूम मागं घ्या. चेहरा साफच ऱ्हातंय. लाइट भरपूर ठेवा. माणूस जागचा हलला की मात्र खेळ खलास.”

अडचण वेगळीच होती. अंतरपाट धरल्यावर मामानं नवरीच्या मागं उभं राहायचं असतं. कॅमेरा स्टँडवर ठेवून, फोकस आधीच बांधून ठेवणं भाग होतं. लग्नाच्या सकाळी मी अक्कालाच नवरीच्या पाटावर उभं केलं.

“नथ हलवू नको.”

“मला इथं कामाचा डोंगर, अन् ह्यो माझ्या नाकात बघायलाय!”

नथ साफ दिसली. झूम मागं घेतला, रिंगवर चिकटपट्टी लावली आणि पाटाभोवती सतरंजीवर खडूनं चौकट आखली.

अक्षतांच्या आधी सत्कार. त्याशिवाय लग्न लागलं असं आमच्याकडं कुणी मानत नाही. सात शाली, सात नारळ आणि सात जणांची ‘दोन शब्द’ म्हणून सुरू झालेली भाषणं. त्यांच्या खुर्च्यांसाठी कुणीतरी दोन्ही पाट ओढून बाजूला केले. मी कॅमेरा सुरू करून भाचीला मांडवात घेऊन आलो, तेव्हा ती पाटावर आणि खडूची चौकट हातभर अलीकडं, रिकामी. अंतरपाट धरला जात होता.

“गुरुजी, पाट हातभर इकडं घ्या.”

“आता? मुहूर्त आलाय. कामून?”

कॅमेऱ्यासाठी म्हणालो असतो तर कुणी बोटभर हललं नसतं.

“पूर्व चुकायलीय.”

गुरुजींनी वर पाहिलं. वर मांडवाचं कापड. शाल पांघरलेल्यांपैकी एकजण गंभीरपणे म्हणाला, “मास्तर भूगोलाचे हायत. सरकवा, सरकवा.” दोन्ही पाट चौकटीशी आले. पाट बाजूला सरकवल्यानं दिशा कशी बदलते, हे कुणी विचारलं नाही.

मंगलाष्टकं सुरू झाली. समोर भाचीचे खांदे हलत होते. रडतेय, असं मला वाटलं. दाजींना हेच बघायचं नव्हतं.

मस्कतला परतणारा एकजण पंगतीतून उठून हैदराबादच्या बसला निघाला होता. कॅसेट तशीच त्याच्या हाती दिली. तपासायला वेळच नव्हता. पुढचे दिवस मला दोन काळज्या होत्या. चित्र धूसर आलं असेल ही एक, आणि साफ आलं असेल ही दुसरी.

शेजाऱ्यांकडं दाजींचा फोन आला.

“मास्तर, दिसली!”

“साफ?”

“अक्षता नुसत्या रेघा-रेघा उडायल्यात, अन् त्यामागं पोरगी लख्ख. ओठ दातात धरून हसायली की ती! धा बार मागं घेऊन बघितलो. कामून हसायली?”

मी पूर्वेची हकिगत सांगितली. पलीकडं इतका वेळ हसू चाललं की परदेशी फोनचं बिल मीच मनात मोजायला लागलो. मनाविरुद्ध पाटावर उभी केलेली मुलगी मामाच्या थापेला हसत नाही, हा हिशोब दाजींनी माझ्याआधी केला असावा.

“आता झोप लागंल मला,” ते म्हणाले.

मला त्या दुपारीच लागली.